कुमारांच्या मनाची चाळणी

(शिक्षक-पालकांच्या सभेतील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील इलिनॉय राज्याने 2025 साली एक कायदा केला. त्यानुसार 2027-28 या शालेय वर्षापासून तेथील सरकारी शाळांत तिसरी ते बारावीच्या मुलांची वर्षातून किमान एकदा मानसिक आरोग्याची चाचणी व्हावयाची आहे; पालकांना नकार देण्याची मुभा आहे. असे काही आपल्या शाळांतही व्हावे, अशी सूचना अधूनमधून कानांवर येते. सूचना करणाऱ्यांच्या मनात कळकळ आहे, यात शंका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात भारतात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. हे वाचून ज्याला काहीतरी करावेसे वाटणार नाही, तो शिक्षक कसला?

परंतु हा प्रयोग अमेरिकेत एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड शॅफर यांना असे आढळले होते, की आत्महत्या करणाऱ्या कुमारांपैकी बहुतेकांना आधीपासून काही ना काही मनोविकार असतो, आणि घरीदारी तो ओळखला गेलेला नसतो. मग शाळेतच प्रश्नावली देऊन अशी मुले वेळीच का शोधू नयेत? या विचारातून ‘टीनस्क्रीन’ हा उपक्रम उभा राहिला. 2003 साली अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या आयोगाने त्याचा आदर्श म्हणून उल्लेख केला. 2012 च्या अखेरीस तो बंद झाला.

शॅफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रश्नावलीची परीक्षा घेऊन तिचे निष्कर्ष 2004 साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. खरोखर धोक्यात असलेल्या शंभर मुलांपैकी 75 तीत सापडत. धोका नसलेल्या शंभरांपैकी 83 निर्धास्त सुटत. ऐकायला हे आकडे भरघोस वाटतात. आता हिशेब मांडून पाहावा. हजार मुलांच्या शाळेत चाळीस मुले खरोखर संकटात आहेत असे धरू. चाचणीत त्यांतली तीस सापडतील, दहा निसटतील. उरलेल्या 960 निरोगी मुलांपैकी मात्र सुमारे 163 जणांवर खूण पडेल. म्हणजे 193 मुलांची यादी तयार होईल आणि तिच्यातील सहांपैकी पाच जणांना तो धोका नसेलच. ही प्रश्नावलीची लबाडी नव्हे. दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या प्रत्येक चाळणीचे गणित असेच असते. बाजारातील धान्य निवडणाऱ्या बाईलाही ते ठाऊक आहे.

म्हणून चाळणीनंतर प्रत्येक मुलाशी एखाद्या जाणत्या माणसाने शांतपणे तासभर बोलणे अपरिहार्य ठरते. खर्च असतो तो या तासाचा. कागदाच्या प्रश्नावलीला काहीच पडत नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञमंडळाने 2009 साली बारा ते अठरा वयाच्या मुलांची नैराश्यासाठी चाचणी घ्यावी असे सुचविले, पण अट घातली, की निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असेल तरच. याच मंडळाने 2022 साली नैराश्याच्या चाचणीचा पुनरुच्चार केला. आत्महत्येचा धोका हुडकणाऱ्या चाचणीविषयी मात्र पुरावा अपुरा आहे, असे स्पष्ट म्हटले.

संमतीचाही प्रश्न होता. काही शाळा पालकांकडे चिठ्ठी पाठवीत आणि चिठ्ठी परत आली नाही, तर होकार गृहीत धरीत. इंडियाना राज्यातील एका मुलीला अशाच चाचणीनंतर दोन विकार आहेत असे सांगण्यात आले, आणि तिच्या पालकांनी 2005 साली न्यायालयात दाद मागितली. विरोधकांत मनोविकारशास्त्र हेच थोतांड मानणारे लोकही होते. त्यांच्या पंगतीला बसण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. आजार खरे असतात आणि औषधांनी पुष्कळांचा जीव वाचतो. पण म्हणून बाजाराकडे डोळेझाक करता येत नाही. ‘टीनस्क्रीन’चे चालक औषध कंपन्यांचा पैसा घेत नसल्याचे सांगत. तथापि आज जगभर वापरली जाणारी नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी फायझर कंपनीच्या अनुदानातून तयार झाली, आणि नैराश्यावरील झोलॉफ्ट हे औषधही तेव्हा त्याच कंपनीचे होते. 2004 साली अमेरिकन औषध प्रशासनाने अशा औषधांच्या माहितीपत्रकावर मुलांमधील आत्महत्येच्या विचारांविषयी ठळक इशारा छापायला लावला. 2012 साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने तीन अब्ज डॉलर भरून जे गुन्हे व दावे मिटविले, त्यांत पॅक्सिल हे औषध मान्यता नसताना अठरा वर्षांखालील मुलांसाठी खपविल्याचा गुन्हाही होता, आणि तो तिने कबूल केला. नफ्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत 193 नावांची यादी म्हणजे तयार गिऱ्हाईक असते.

आता इकडची स्थिती. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण 7.3 टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे बहुतेक मनोविकारांत शंभरातील सत्तरांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. 2019 च्या एका अंदाजानुसार लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ, आणि तोही बहुधा शहरात. गडचिरोलीतील आश्रमशाळेच्या मुलीने कागदावर ‘जगावेसे वाटत नाही’ या ओळीपुढे खूण केली, तर तो कागद घेऊन मुख्याध्यापकांनी जायचे कोठे? तिने ते प्रथमच कोणाला तरी सांगितलेले असते. त्यानंतरची शांतता तिला पूर्वीच्या शांततेहून अधिक जड जाईल.

चाळणी व उपचार यांची सांगड घालणे अशक्य आहे असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली पालघरलाच झाला. त्याची पथके शाळांत, अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. हृदयाला छिद्र सापडले तर शस्त्रक्रियेपर्यंतची वाट सरकारी खर्चाने आखलेली आहे. तपासणारा आणि बरा करणारा यांच्यामध्ये पैशाची तरतूद आहे, म्हणून त्या तपासणीला अर्थ आहे. मनाच्या बाबतीत ही तरतूद कोणत्या अंदाजपत्रकात आहे?

विशाखापट्टणमच्या एका सतरा वर्षांच्या परीक्षार्थी मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, ही त्यांतली सर्वांना आठवणारी सूचना. त्यांत आणखी एक आहे: गुणांच्या उतरंडीने मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत त्यांना लाजवू नये. 2024 साली 23 लाखांहून अधिक मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसली. जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्याही सुमारे निम्म्याच सरकारी. शिकवणीवर्गांचा सारा व्यापार या टंचाईवर उभा आहे. जागा वाढवायच्या नाहीत, फी उतरवायची नाही, तुकड्या मोडायच्या नाहीत आणि मुलांना प्रश्नावली द्यायची, ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी तऱ्हा झाली.

तेव्हा येथे बसलेल्या शिक्षकांनी आपापल्या संस्थाचालकांना दोन गोष्टी विचाराव्यात. समुपदेशकाची नेमणूक कायम वेतनश्रेणीत होणार, की दहा महिन्यांच्या मानधनावर? आणि दर आठवड्याला गुणांची जी यादी फलकावर लागते, ती कधी उतरणार?