लाईट गेली तरी इंटरनेट चालावे म्हणून



पावसाळ्यात खेडोपाडी लाईट जाते, यात नवे काही नाही. विजेरी आपण हाताशी ठेवतोच. पण आता पुष्कळ घरांत इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, आली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, मुलांचा अभ्यास तिच्यावर चालतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशीच लाईट गेली की पेटी बंद, आणि आपण म्हणतो, "लाइन गेली!" खरे पाहता लाइन पुष्कळदा शाबूत असते, उपाशी असते ती आपली पेटी.

ते कसे, पाहा. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू. त्यातून संदेश उजेडाच्या रूपाने येतो. घरोघरच्या फायबरमध्ये हा उजेड वाटून देणाऱ्या वाटेतल्या डब्यांना बहुधा वीज लागतच नाही. पलीकडच्या केंद्रात बॅटऱ्या असतात. तेव्हा घरची पेटी जागी ठेवली की बहुतेक वेळा काम भागते.

तिची भूक तरी किती? साधारण 10 वॅट. छताचा जुना पंखा 75 वॅट खातो. बॅटरीचा हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे टिकते. तरी चारएक तास निघतात. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

मात्र बॅटरी पेटीला थेट जोडू नका. चार्ज होताना ती 14 व्होल्टच्या वर जाते, आणि पेटी जळू शकते. राउटरसाठी छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो घ्यावा. घेताना जुन्या अडॅप्टरवरची अक्षरे वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत; अँपिअर तितके किंवा जास्त चालतील; पिनेचे अधिक-उणे जुळले पाहिजे. घरात पेट्या दोन असतील, तर दोन्हींना वीज द्यावी लागेल.

विजा कडाडू लागल्या की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. पेटी बॅटरीवर चालत राहील.

आणि एक करा. एखाद्या रविवारी घरचा मेन स्विच मुद्दाम बंद करून पाहा, पेटी किती वेळ तग धरते ते. पेटी चालू असूनही तिच्यावर लाल दिवा लागला, तर बिघाड बाहेर आहे. तिथे बॅटरीचा इलाज नाही, मोबाइलच्या इंटरनेटवर काम उरकावे. पण ही परीक्षा आधीच घ्या, अर्जाच्या शेवटच्या दिवशी नको.