आलेखातली रिकामी दुपार

आमचा ११ जणींचा बचत गट आहे आणि आम्ही धिंगरी अळिंबी लावतो. गटाची समन्वयक म्हणून आज सगळ्यांच्या वतीनं बोलायचं आहे. विषय आहे यंत्रानं ठेवलेल्या नोंदींचा. त्या नोंदी नीट न वाचल्यामुळे आमच्याच एका ताईवर आमच्या हातून अन्याय झाला. तो कसा झाला ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही.

धिंगरीला २० ते ३० अंश उष्णता आणि हवेत ८० ते ८५ टक्के ओलावा लागतो. हे रोज कोण मोजत बसणार? आमच्यातल्या एकीच्या मुलानं स्वतःच्या घरी दिवे-पंखे मोबाइलवरून चालतील अशी व्यवस्था बसवली होती. तीच त्यानं आमच्या शेडमध्ये बसवून दिली. भिंतीवर काडेपेटीहून लहान सेन्सर आहे, डीएचटी २२ नावाचा. तो उष्णता आणि ओलावा मोजतो. आकडे वायफायनं जातात रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाकडे. हा पत्त्यांच्या कॅटाएवढा असतो. त्यात होम असिस्टंट नावाची प्रणाली चालते. ती २०१३ साली सुरू झाली आणि फुकट मिळते. शेड तापली की ती पंखा लावते, हवा सुकली की फवारा सोडते, आणि आलेला आकडा साठवून ठेवते. मोबाइल उघडला की दिवसभराची रेघ समोर दिसते, चढती, उतरती. आम्हाला फार कौतुक वाटलं. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरकडे कुणी बघेना झालं.

एका ताईनं मात्र तिची वही सोडली नाही. ती सातवी शिकलेली आहे. दुपारची पाळी तिची. किती वाजता पाणी मारलं, वीज कधी गेली, थर्मामीटरचा पारा कुठे होता, असं दोन-दोन ओळी लिहायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, "अगं, आता सगळं मोबाइलमध्ये आहे, कशाला शाई घालवतेस?"

एप्रिल महिना होता. मंगळवारी आमचे ४० बेड हिरव्या बुरशीनं गेले. पेंढा, बियाणं, पिशव्या, दीड महिन्याची मेहनत, सगळं पाण्यात. गुरुवारी बैठक लागली. कुणी म्हणालं, उष्णतेनं गेले असतील. मग मोबाइल मध्ये ठेवून आलेख उघडला. आदल्या मंगळ, बुध, गुरुवारची दुपार बघितली. साडेअकराला २९ अंश, रात्री आठला ३० अंश, आणि मधे तळहातासारखी सपाट रेघ. म्हणजे उष्णता ठीक होती. मग चूक कुणाची? दुपारची पाळी ज्या ताईची, तिची.

ती म्हणाली, "त्या तिन्ही दिवशी वीज नव्हती. पारा ३६ वर होता. मी घागरीनं गोणपाट भिजवत होते." तिनं वही पुढे केली. वहीत तसंच लिहिलेलं होतं. आम्ही वही बाजूला ठेवली. यंत्र खोटं बोलत नाही, असं आमच्यातलीच एक म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिच्या वाट्यातून ८०० रुपये कापायचे ठरले. इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या. तिनंही सही केली. काही बोलली नाही.

रविवारी तो मुलगा गावी आला. त्यानं आलेख न बघता नुसत्या आकड्यांची यादी उघडली. गुरुवारी सकाळी साडेअकरानंतर एकही आकडा नव्हता, तो थेट रात्री आठला. वीज गेली तेव्हा पंखा बंद पडला, फवारा बंद पडला आणि त्याबरोबर सेन्सर आणि संगणकही बंद पडले. मोजलंच नाही तर साठवणार काय? मग आलेखानं काय केलं, तर शेवटचा ठिपका आणि नंतरचा पहिला ठिपका एका सरळ रेघेनं जोडून टाकला. रात्री आठला शेड निवली होती, म्हणून रेघ सपाट आली. आम्ही साडेआठ तासांची रिकामी जागा बघत होतो आणि तिला चांगली दुपार समजत होतो.

मंगळ आणि बुधवारचं काय? त्या दिवसांचे बारीक आकडे तोवर पुसले गेले होते. हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मिनिटाला एक आकडा धरला तरी दिवसाला १,४४० होतात, तेही नुसत्या उष्णतेचे. सगळे कायमचे ठेवले तर जागा भरते. म्हणून होम असिस्टंट, आपण काही बदललं नाही तर, बारीक नोंदी १० दिवसच ठेवते. त्यानंतर दर तासाचे तीनच आकडे उरतात: सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि सरासरी. आपण किराणाच्या चिठ्ठ्या फेकून महिन्याची बेरीज वहीत ठेवतो, तसंच हे. पण त्या तासात कोणती मिनिटं रिकामी गेली, ते बेरजेतून कळत नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर गुरुवारही पुसला गेला असता, आणि ताईचं खरं ठरवायला फक्त तिची वही उरली असती. ती तर आम्ही मानली नव्हती.

पुढच्या बैठकीत आम्ही तिची माफी मागितली. ८०० रुपये परत केले, आणि जुना ठराव चुकीचा होता असं इतिवृत्तात लिहिलं. ती एवढंच म्हणाली, "पैशाचं काही नाही गं. पण तुम्ही वही उघडून तरी बघायची होती."

मैत्रिणींनो, तुमच्याकडे पोल्ट्रीत, दुधाच्या टाकीवर, रोपवाटिकेत असं यंत्र असेल किंवा येणार असेल, तर आम्ही नंतर जे केलं ते सांगतो.

पहिलं, संगणक, वायफाय आणि सेन्सर यांना छोटा बॅटरी बॅकअप जोडला. त्यांना वीज फार थोडी लागते. पंखा बंद पडला तरी मोजणी चालू राहते, आणि खरी गरज त्याच वेळी असते.

दुसरं, आलेखात रिकामी जागा रिकामीच दिसेल असं करून घेतलं. नुसती रेघ नाही, आता ठिपकेही दिसतात. ठिपका नाही म्हणजे मोजलेलं नाही.

तिसरं, बारीक नोंदी ठेवायची मुदत ६० दिवस केली, म्हणजे एक पूर्ण पीक त्यात बसतं. शिवाय दर रविवारी नक्कल पेनड्राइव्हवर घेतो. सतत लिहून लिहून मेमरी कार्ड खराब होतं, आणि कार्ड गेलं की सगळंच गेलं.

चौथं, सरासरीवर विसंबत नाही. एका तासात ४० मिनिटं २८ अंश आणि २० मिनिटं ३७ अंश असेल, तर सरासरी येते ३१. वाचायला बरी वाटते, पण बेडनं ३७ सोसलेलं असतं. म्हणून सगळ्यात जास्तीचा आकडा आधी बघायचा. रेघेचा चढ बघण्याआधी डावीकडचे आकडेही बघायचे. कधीकधी अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा पडद्यावर डोंगराएवढा दिसतो.

पाचवं, महिन्यातून एकदा सेन्सर आणि थर्मामीटर शेजारी ठेवून ताडून बघतो. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर सेन्सर तपासतो.

आणि शेवटचं, दुपारची वही आता गटाची वही झाली आहे. वीज गेली, दार उघडं राहिलं, पेंढा हाताला गरम लागला, हे सेन्सरला कळत नाही. ते पाळीवरच्या बाईला कळतं. म्हणून दर बैठकीत आलेख आणि वही दोन्ही शेजारी उघडतो. दोन्ही जुळले नाहीत तर कुणावर ठपका ठेवण्याआधी आकड्यांची यादी बघतो.

नियमित लेखे हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. पैशाच्या वहीत एखादं पान कोरं सापडलं तर आपण लगेच विचारतो, इथे काय झालं? यंत्राच्या वहीलाही तेच विचारायचं.

ती ताई आता नोंदींची जबाबदारी बघते. मोबाइलवर आलेख उघडते, ठिपके मोजते आणि मग वहीत लिहिते. पुढचं पीक भाद्रपदात लावणार आहोत. बघायला या.