तेल विकलं, धूर कुणाच्या खाती?



१९६८ साली फारूक अल-कासिम हे इराकी भूगर्भशास्त्रज्ञ ऑस्लोला उतरले. मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. बायको नॉर्वेची, आणि उपचार तिथंच मिळण्यासारखे, म्हणून तेलकंपनीतली चांगली नोकरी सोडून आलेले. सासरच्या गावाची गाडी सुटायला अवकाश होता. तेवढ्यात ते उद्योग खात्यात गेले आणि इथं कोणत्या तेलकंपन्या काम करतात, अशी चौकशी केली. तेलातलं कळणारी माणसं त्या खात्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. खात्यानं त्यांनाच ठेवून घेतलं.

पुढच्याच वर्षअखेरीस एकोफिस्कचं प्रचंड तेलक्षेत्र सापडलं. तेल देशाला शाप ठरू शकतं, हे अल-कासिम स्वतःच्या मुलखात पाहून आले होते. १९७१ मध्ये नॉर्वेच्या संसदेत तेलधोरणाची दहा तत्त्वं ठरली. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं: कामापुरत्या चाचण्या सोडल्या, तर वापरता येण्याजोगा वायू विहिरीच्या तोंडाशी जाळून टाकायचा नाही. हवामानबदल हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. फुकट घालवायचं नाही, एवढीच ती घरगुती शहाणीव होती.

पैशाचंही तसंच. तेलकंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर. १९९० मध्ये तेलाचं उत्पन्न राखून ठेवणाऱ्या निधीचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. मुद्दलाला हात लावायचा नाही, अपेक्षित परतावा तेवढाच खर्चायचा. आज ही मर्यादा निधीच्या ३ टक्के धरतात. ५५ लाखांच्या देशाचा हा निधी आता वीस लाख कोटी क्रोनरच्या घरात आहे. नातवंडांसाठी इतक्या निष्ठेनं राखून ठेवणारं दुसरं सरकार मला दाखवा.

कार्बन करही त्यांनी १९९१ सालीच लावला. त्याचा परिणाम स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात दिसतो. तिथल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जादा असतो. तो वेगळा काढल्याशिवाय वायू विकता येत नाही. हवेत सोडला तर कर. मग तिथल्या तेलकंपनीनं १९९६ पासून तो समुद्रतळाखाली, आठशे मीटरहून खोल, खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वालुकाश्मात दाबायला सुरुवात केली. सुरुवातीची कित्येक वर्षं, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास.

आणि तरीही, श्रोतेहो, मला इथं थांबावंसं वाटतं. आंतरराष्ट्रीय हिशेबात धूर जिथं निघतो, त्या देशाच्या नावावर पडतो. नॉर्वेची वीज बहुतांश पाण्यावरची, आणि २०२४ मध्ये तिथं विकलेल्या दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेवरच्या. म्हणून देश स्वच्छ दिसतो. पण त्यानं परदेशी पाठवलेलं तेल आणि वायू जळून जो धूर होतो, तो देशातल्या उत्सर्जनाच्या सुमारे दहापट आहे. ‘शाश्वत विकास’ ही कल्पना १९८७ मध्ये जगापुढे ठेवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष ग्रो हार्लेम ब्रुंटलांड याच देशाच्या पंतप्रधान होत्या. त्यांच्याच देशानं नव्या क्षेत्रांत तेल शोधणं अजून थांबवलेलं नाही. पुढच्या पिढीला पैसा पोचता करायचा आणि तापलेलं जगही तिच्याच पदरात टाकायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

स्वच्छ ऊर्जेनंही सगळं सुटत नाही. नॉर्वेतल्याच फोसेन द्वीपकल्पावर सामी या तिथल्या आदिवासी लोकांच्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणांत १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं परवाने अवैध ठरवले. पाती मात्र फिरतच राहिली. पाचशे दिवसांनी सामी तरुण मुलं ऊर्जा मंत्रालयात ठिय्या देऊन बसली, तेव्हा कुठं सरकारनं माफी मागितली. पुढे तडजोडी झाल्या. पवनचक्क्या अजून तिथंच आहेत.

हे मी गोव्यातल्या डिचोलीत का सांगतो, ते तुम्हाला कळलंच असेल. आपलंही धन, लोहखनिज, जमिनीखालून निघालं आणि बार्जांत भरून नदीवाटे गेलं. २१ एप्रिल २०१४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या लोहखनिजासाठी कायम निधी उभारायला सांगितलं: विक्रीच्या रकमेचा दहा टक्के वाटा, येणाऱ्या पिढ्यांसाठी. माझं मागणं एवढंच आहे, की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत दरवर्षी हात वर करून विचारा: निधीत किती जमा झाले, किती खर्चले, आणि खाणीशेजारच्या शेतांना, विहिरींना त्यातलं काय मिळालं?