मर्सिडीज, कानस आणि तपासनिसाचा पगार



चांद्याच्या काही मंडळींनी मला आधीच विचारले, "कामगारांच्या माणसाला श्रीमंतांच्या मोटारीचे काय पडले आहे?" पडले आहे. वस्तू उत्तम घडविण्यास किती खर्च करावा आणि तोडावयाचा झाला तर तो कोठे तोडावा, हा वाद आमच्या वाटाघाटींत नेहमीचाच. आलिशान मोटारीत तो उघडा दिसतो, इतकेच.

आरंभीच्या मोटारी घडत कशा? यंत्रावरून आलेला भाग शेजारच्या भागात नीट बसत नसे. मग फिटर कानस घेऊन बसे. घासावे, लावून पाहावे, पुन्हा घासावे. गाडी चांगली होई. पण एकीचा भाग दुसरीला लागत नसे आणि किंमत राजेरजवाड्यांनाच परवडे. १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे कॅडिलॅकच्या तीन मोटारी पार खोलण्यात आल्या. सगळे भाग एकत्र कालवले, त्यांतले ८९ काढून घेऊन गोदामातले नवे दिले. कानस लावावयाची नाही. पाने आणि पेचकस, बस्स. तिन्ही गाड्या जुळल्या आणि ५०० मैल धावल्या. ड्यूअर ट्रॉफी मिळाली ती यासाठी. कंपनीचा प्रमुख हेन्री लीलंड हा बंदुकांच्या कारखान्यांत तयार झालेला कारागीर. त्याने खर्च नुसता तोडला नाही, त्याची जागा बदलली. फिटरच्या तासांचा पैसा त्याने गेजमध्ये आणि तपासणीत घातला. माप काटेकोर झाले म्हणून गाडी स्वस्त झाली, हे आमच्या मालकांना अजून पटवावे लागते!

आता आपल्या पुण्याकडे येऊ. मर्सिडीजची भारतातील कंपनी १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात तिची 'ई' वर्गाची मोटार जुळू लागली. सुटे भाग परदेशातून येत, जोडणी आपले लोक करीत. हे मॉडेल जर्मनीत १९८४ सालीच निघालेले, आणि नेमक्या १९९५ साली तिकडे त्याचा वारस बाजारात आला. साहजिकच, जुना साचा आपल्या गळ्यात मारला, अशी कुरकूर झाली.

या कुरकुरीत एक गंमत आहे. जुने मॉडेल जुन्या शिरस्त्याने बनलेले होते: अभियंत्यांनी आधी गाडी मनासारखी घडवावी, हिशेबनिसांनी मागाहून किंमत लावावी. तिच्या पुढच्या काचेवर वायपर एकच, पण त्याच्या मुळाशी अशी दातेरी चाके की कोपऱ्याकडे जाताना तो लांब होई आणि ८६ टक्के काच पुसून काढी. दोन साध्या वायपरांवर काम भागले असते. मला स्वतःला ही थोडी उधळपट्टीच वाटते. १९८९ साली टोयोटाने अमेरिकेत लेक्सस ३५,००० डॉलरांना आणली. ती शांत, निर्दोष आणि मर्सिडीजपेक्षा पुष्कळ स्वस्त. तेव्हा मर्सिडीजने गणित उलटे मांडले: आधी किंमत ठरवा, मग त्या किमतीत गाडी बसवा. यात पाप नाही. लीलंडही हिशेब करीतच होता. पण नव्या मॉडेलला युरोपातील मिठाच्या रस्त्यांवर गंज चढू लागला, चाकांवरच्या कमानींना, दारांच्या कडांना. गाडी घेतेवेळी कोणी वाकून पाहत नाही अशा जागा! पिंपरीचा जुना साचा घेऊन नाराज झालेल्या शेटजींच्या दारात अधिक जाड हाताची गाडी उभी होती, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

आमच्याकडे हेच लहान प्रमाणावर घडते. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, पाळीमागे असलेले तपासनीस काढून टाकले. कामगारानेच माप घ्यावे आणि शिक्का मारावा, असे ठरले. तत्त्व वाईट नव्हते. मापे घेण्यासाठी वेळ सोडा, एवढेच आम्ही म्हटले. शिक्का मिळाला, वेळ मिळाला नाही. उत्पादनाचा आकडा होता तोच राहिला. पुढे एक खेप परत आली आणि शिक्का ज्याचा, त्या मुळशीच्या पोराला आरोपपत्र मिळाले. चौकशी चार महिने चालली. पोर सुटला.

पुढच्या करारात आम्ही एक कलम मागितले: ज्याच्या हाती शिक्का, त्याला यंत्र थांबविण्याचा अधिकार. पगारवाढ तीन बैठकांत मिटली. या एका कलमाला अकरा बैठका लागल्या.