कोंबडीच्या पायाचें गळूं
(आरेच्या रानाकांठच्या एका पाड्यावर केलेलें भाषण)



आज मी कोंबडीच्या पायाविषयीं बोलणार आहें. हंसूं नका. आपल्या घरांत शेत धन्याचें, बैल धन्याचा, पण कोंबडी घरधनिणीची. अंड्याच्या पैशांतून तेलमीठ येतें, पोराची वही येते. कोंबडी लंगडूं लागली म्हणजे नुकसान त्या बाईचें होतें.

अशा वेळीं आपण काय करतों? भगताकडून अंगारा आणतों, नाहीं तर ती मरण्याआधींच देवापुढें कापून नवस फेडतों. पाहुण्याला लंगडी चालत नाहीं आणि देवाला चालते, हा न्याय मला तरी उमगला नाहीं! जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो देव व माणूस ह्यांच्यामध्यें दलाल नको म्हणून. मग कोंबडी व औषध ह्यांच्यामध्यें तरी भगत कशाला?

आधीं पाय उलटा करून तळवा पाहा. मध्यें सुजलेली गांठ व तिच्यावर काळी खपली असेल तर तें गळूं समजावें. बहुधा स्टॅफिलोकॉकस नांवाच्या जंतूचें हें काम. तो कातडीवर नेहमींच असतो. वाट मिळाली कीं आंत शिरतो. कांच, कांटा, खडबडीत दांडी, उंचावरून कोब्यावर मारलेली उडी, पावसाळ्यांत ओल्या घाणींत उभें राहणें, ह्यांनीं ती वाट होते. अंधेरी-मुलुंडाकडे अंगणें जाऊन कोबे आले. जड जातीची कोंबडी तेथें लौकर सांपडते.

पायाचे खवले उचलले असतील तर तो खरजेचा किडा, त्याचा उपाय निराळा. एक पाय पुढें व एक मागें टाकून कोंबडी पडली असेल तर मरेक रोगाचा संशय घ्यावा. बोटांत मांजा तर गुंतला नाहीं ना, हेंही पाहावें.

गळूं लहान असतां कोमट मिठाच्या पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें पाय बुडवावा, पुसून कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ कापडाची पट्टी बांधावी. पट्टी आवळूं नये, रोज बदलावी, व कोंबडी कोरड्या तुसावर वेगळी ठेवावी. एक गोष्ट मात्र करूं नका: गळूं दाबूं नका. कोंबडीचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाहीं, तो खव्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. दाबल्यानें तो निघत नाहीं. रोग मात्र खोल जातो. जंतु माणसालाही बाधतो, म्हणून काम झाल्यावर साबणानें हात धुवा, जुनी पट्टी जाळा, आणि हाताला जखम असेल तर हें काम दुसऱ्याला सांगा.

सूज वर चढली, पाय कढत लागला, कोंबडीनें दाणा सोडला, तर घरचें औषध पुरे. सांध्यांत व हाडांत शिरलेला जंतु पट्टीनें निघत नाहीं; गोळा कापून काढणें हें डॉक्टराचें काम. परळास १८८६ पासून पशुवैद्यकाचें कॉलेज आहे, तेथेंच बाई साकरबाई पेटिट ह्यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. इतकेंच काय, ह्या आरेंत १९४९ सालीं दुधाची वसाहत झाली, पुढें केंद्र सरकारची कोंबड्यांच्या पैदाशीची संस्थाही येथेंच उभी राहिली. कुंपणापलीकडे विद्या आणि अलीकडे अंगारा! दोष कुंपणाचा आहेच, पण आपण तरी तेथें जाऊन कधीं विचारलें?

घरांतली माणसाची गोळी कुटून घालूं नका. डायक्लोफेनॅक दिलेलीं मेलेलीं गुरें खाऊन देशांतलीं गिधाडें मेलीं, आणि २००६ सालीं जनावरांसाठीं तें औषध बंद करावें लागलें. डॉक्टरानें जंतुनाशक दिलें तर अंडीं किती दिवस खाऊं वा विकूं नयेत, हें तेथेंच विचारून घ्यावें.

आणि घरीं गेल्यावर आज खुराड्यांतली दांडी हातानें चांचपून पाहा. ती दोन इंच रुंद, कडा घासलेली व गुडघ्याहून उंच नसावी. सुतारभाऊंनो, हें काम तुमच्या अर्ध्या तासाचें आहे.