नानकटाई घरची, भट्टी गावाची

दिवाळीच्या फराळाचे ताट क्षणभर डोळ्यांसमोर आणा. चकली, शेव, करंजी, शंकरपाळे, चिरोटे, अनारसे ही सगळी कढईतली मंडळी. लाडवांचे बेसन किंवा रवा कढईतच भाजायचा. या साऱ्यांत एकच पदार्थ असा, की ज्याला ना कढई चालते ना तवा. तो म्हणजे नानकटाई. तिला चहूबाजूंनी बंदिस्त, मंद आच लागते, आणि आपल्या चुलीच्या नि शेगडीच्या स्वयंपाकघरात तशी सोय नव्हती. त्यामुळे फराळातली ही एकटीच घराबाहेर जाऊन भाजून येत असे. मी शाळेत पुष्कळ वर्षे गृहविज्ञान शिकवले. मुलींना मी नेहमी सांगत असे, की स्वयंपाकघरातला शेजारधर्म शिकायचा असेल तर आधी नानकटाई करायला घ्या.

तिचे नावच प्रवासी आहे. ‘नान’ म्हणजे फारसीत पाव किंवा रोटी. ‘खताई’चा संबंध काही जण ‘खता’ या चीनच्या जुन्या नावाशी लावतात. तिच्या जन्माची कथा सांगतात ती सुरतेची. तिथल्या डचांच्या बेकरीत काम करणाऱ्या दोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी पुढे ती बेकरी चालवली आणि तिथून या बिस्किटाचा प्रसार झाला, अशी ही कथा. ती जशीच्या तशी खरी माना किंवा मानू नका. पण फारसी नाव, डचांची भट्टी, पारशी कारागीर आणि आपले साजूक तूप एवढे सगळे एका बोटभर बिस्किटात एकत्र आले, ही गोष्ट मला तरी फार आवडते.

तुमच्यापैकी ज्यांचे बालपण साठ ते ऐंशीच्या दशकात गेले, त्यांना भट्टीवरची ती गर्दी नक्की आठवत असेल. शाळेला सुट्टी लागली, की मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप असे वेगवेगळे डबे पिशवीत घालून आई बेकरीत जायची. बरोबर आम्ही भावंडे. काही जण पीठ घरीच तयार करून नेत, तर काही जण सामान देऊन कारागिराकडून मळून घेत. ‘आमचेच तूप घाला हं’, असे बजावत बायका समोर उभ्या राहत. मग काळ्याभोर पत्र्यांवर गोळे मांडायचे, नावाची चिठ्ठी ठेवायची आणि पाळीची वाट पाहायची. भाजणावळ वजनावर. संध्याकाळी गरम डबा घरी येईपर्यंत वाटेतच दोन-चार नानकटाया कमी झालेल्या असत, आणि त्याबद्दल कोणी रागवत नसे.

यात एक शास्त्रही होते. पावाच्या भट्टीत रात्री आणि पहाटे कडक आच असते. पाव निघाले, की विटांमध्ये साठलेली उष्णता हळूहळू उतरत जाते. ही उतरती आच पावाला पुरत नाही, पण बिस्किटाला अगदी योग्य. म्हणजे भट्टीवाल्याचा रिकामा वेळ आणि शिल्लक उष्णता यांवर गल्लीतल्या पंचवीस घरांचा फराळ भाजून निघायचा. पुष्कळ गावांत हे भट्टीवाले मुसलमान किंवा इराणी असत. दिवाळीच्या आठवड्यात त्यांची भट्टी आमच्यासाठी राबायची. हे कोणी भाषणात सांगत नव्हते, ते सहज होत होते.

पुढे घरोघरी काचेच्या झाकणाचा तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. ज्यांच्याकडे तोही नव्हता, त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून काम भागवले. आता तर ओट्यावरच छोटी भट्टी असते. मोठ्या भट्ट्याही बदलत आहेत. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. शहराच्या हवेचा विचार करता ते गरजेचेच होते. धूर गेला याचे दुःख करू नये. पण त्या रांगेत जे चार घरांचे मिळून काम व्हायचे, ते कुठे गेले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायला हवा. कारण आता ना रांग, ना डबा. फराळाचे खोके दुकानातून थेट दारात येते.

मग नानकटाई घरी करायचीच कशाला? पहिले कारण तुपाचे. या पदार्थात जवळजवळ चौथा हिस्सा स्निग्धांश असतो. त्यामुळे तो कोणता आहे यालाच सर्वाधिक महत्त्व. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते, म्हणून आपल्या देशात त्यावर मर्यादा घातली गेली. २०२१ साली ती ३ टक्के होती आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. ही चांगलीच गोष्ट आहे. तरी आपण स्वतः कढवलेले तूप घातले, तर वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचत बसायची गरज राहत नाही.

आता कृतीकडे वळू. एरवीच्या स्वयंपाकाला वाटी-चमच्याचे माप पुरते, पण भट्टीच्या पदार्थाला वजनच करावे. पाव किलो पीठ घ्या. त्यात मैदा जास्त आणि थोडे बेसन व रवा. त्याला दीडशे ग्रॅम साजूक तूप आणि सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर. पाव चहाचा चमचा खायचा सोडा, चमचाभर दही, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. एवढ्यात पंचवीस-एक नानकटाया होतात.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, तूप थिजलेले हवे, पातळ नको. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तूप वितळून वाहू लागते. अशा वेळी भांडे गार पाण्यात ठेवावे. थिजलेले तूप आणि साखर हाताने फेसत गेले, की त्यात हवा शिरते आणि मिश्रण पांढरे, हलके होते. नानकटाईचा खुसखुशीतपणा या फेसण्यात आहे. दुसरी गोष्ट, पीठ घातल्यावर मळायचे नाही, नुसता गोळा जुळवायचा. पोळीची कणीक आपण तिंबतो, कारण तिथे चिवटपणा हवा असतो. इथे नेमका तोच नको. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसते आणि चिवटपणा येऊ देत नाही. त्याच्या या कामात आपण लुडबुड करू नये.

गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे भट्टीत पसरत नाहीत. ओव्हन आधीच १७० अंश सेल्सिअसला तापलेला हवा. पंधरा ते वीस मिनिटांत कडा फिकट सोनेरी दिसू लागतात. या वेळी नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली असे वाटून पुन्हा आत ढकलू नका. पत्र्यावर गार होताना ती आपोआप घट्ट होते.

आणि आता सजावट. हा भाग मी मुलांवर सोपवते. गोळा अंगठ्याने हलकेच दाबायचा आणि मधोमध चारोळी, पिस्त्याचा काप किंवा केशराची काडी बसवायची. काट्याने रेघा ओढाव्यात, शिवणाच्या अंगुस्तानाने नक्षी उठवावी, बाटलीचे बूच उलटे दाबून फूल काढावे. कोणाची चारोळी तिरकी, कोणाचा गोळा चपटा. डबा उघडल्यावर ‘ही माझी’ असे मूल ओळखीने सांगू शकते. दुकानातल्या सारख्या आकाराच्या खोक्यात ही गंमत नसते.

रंग हवा असेल तर वरून साखरेचा लेप द्यावा. वाटीभर पिठीसाखरेत चमचा-दीड चमचा दूध किंवा लिंबाचा रस पुरतो. नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच तो लावा, नाहीतर वितळून ओघळतो. गुलाबी रंगाला बिटाचा रस, पिवळ्याला केशर. बिटाचा रस पिठातच घातला तर भट्टीत तपकिरी पडतो, म्हणून तो लेपातच बरा. हळदीची तर आणखी मजा. सोडा असलेल्या पिठात हळद घातली, की ती लालसर होते. वर्गात मुली हे पाहून चकित होत, आणि मग आम्लाचा नि अल्काचा धडा मला वेगळा शिकवावा लागत नसे.

दिवाळीची नानकटाई आणि नाताळची बिस्किटे यांचे नाते मला नेहमीच जवळचे वाटते. गोव्यात डिसेंबर आला, की रव्याची आणि ओल्या नारळाची बोलिन्हास भाजली जातात, त्यांच्यावर सुरीने किंवा काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढतात. कंगव्यावर किंवा काट्यावर पीठ दाबून कुलकुले वळतात, आणि त्या कामाला घरातली लहानथोर सगळी एका टेबलाशी बसतात. शिवाय नाताळच्या त्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्याच करंज्या! चतुर्थीला आणि दिवाळीला एका घरातून ताट निघते, नाताळला दुसऱ्या घरातून ते येते. गोव्यात, वसईत, मुंबईतल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत ही ये-जा कित्येक पिढ्या चालू आहे. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची, हा त्यातला अलिखित नियम.

या नियमाची आज मला काळजी वाटते. इमारतीत समोरच्या दारावरच्या पाटीवरचे नाव आपल्याला ठाऊक असते, पण त्या घरात फराळाला काय करतात ते ठाऊक नसते. भट्टीच्या रांगेत ते आपोआप कळायचे. शेजारणीचे तूप किती रवाळ आहे, तिच्या नानकटाईला तडे कसे सुंदर पडले आहेत, हे पाहता पाहता ओळख व्हायची. ओव्हन घरात आला हे सोयीचेच झाले, पण आता ती ओळख आपल्याला मुद्दाम करून घ्यावी लागेल.

तर यंदा एवढे करून पाहा. पाव किलोऐवजी अर्धा किलो पीठ घ्या. समोरच्या घरातल्या मुलांना चारोळ्या लावायला बोलवा. त्यांच्या हाताच्या नानकटाया वेगळ्या पत्र्यावर भाजा आणि त्याच त्यांच्या घरी पाठवा, ताट घेऊन आपल्या मुलालाच धाडा. नाताळात, ईदला किंवा पुढच्या दिवाळीत त्या ताटातून काय परत येईल, ते सांगायला मी हवी कशाला?