पायरी उतरण्याचा हक्क



रुग्णालयात वरच्या पदावर पोचलेली माणसं कधी कधी स्वतःहून खालचं पद मागतात, तर काही जण बढतीच नाकारतात. इनचार्ज सिस्टर म्हणते, ‘मला पुन्हा स्टाफ नर्स करा.’ स्टाफ नर्सच्या हातात पदोन्नतीचा आदेश पडतो आणि ती नकाराचा अर्ज लिहायला बसते. तालुक्याचं आरोग्य प्रशासन सांभाळणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातली ओपीडी मागून घेतो. अशा माणसाबद्दल आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते : ‘काय झालं? काही चौकशी लागली का?’

मी आधी वॉर्डात काम केलं, वॉर्ड सांभाळला आणि पुढे परिचर्या शिकवली. माझ्या विद्यार्थिनींपैकी कित्येक जणी आज इनचार्ज आहेत, काही मेट्रन आहेत, आणि काही जणी ती खुर्ची सोडून पुन्हा रुग्णाच्या खाटेजवळ गेल्या आहेत. या शेवटच्या जणींची बाजू मांडायला मी उभी आहे. स्वतःहून खालच्या पदावर येणं हा आरोग्यसेवेतला उघड आणि मानाचा मार्ग असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मात्र या वाटेनं जाणाऱ्यानं आपण नेमकं काय सोडतो आहोत हे ओळखून पाऊल टाकलं पाहिजे, हेही सांगणार आहे.

सरकारी रुग्णालयातली उतरंड अनेकांना ठाऊक नसते. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका. तिच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. त्यावर सहाय्यक अधिसेविका आणि मग अधिसेविका, म्हणजे मेट्रन. या वाटेवरची पहिली पायरी सर्वांत अवघड, कारण तिथे कामाचा प्रकारच बदलतो. काल जी बाई रुग्ण सांभाळत होती ती आज वॉर्ड सांभाळू लागते.

तिची सकाळ बघा. रात्रपाळीच्या मुलीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, घ्यायची. मॉर्फिन-फेंटानिलच्या ॲम्प्युल्स मोजायच्या, वापरलेल्या रिकाम्या ॲम्प्युल्सही मोजायच्या, आणि रजिस्टरवर सही करून दुहेरी कुलपाची किल्ली ताब्यात घ्यायची. इमर्जन्सी ट्रॉली तपासायची. इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, भरायचं, स्टोअरमधून निम्माच माल आला तर दुसऱ्या वॉर्डातून उसना आणायचा. धोब्याकडे गेलेल्या चादरी आणि परत आलेल्या चादरी यांचा हिशेब जुळवायचा. एवढ्यात फोन येतो : दुपारच्या ड्युटीची सिस्टर आजारी आहे. मग ऑफ-ड्युटीच्या तक्त्यात खाडाखोड, आणि जिची सुट्टी रद्द झाली तिची नाराजी. राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, रिपोर्ट का नाही आला? नातेवाईक विचारतात, डॉक्टर कधी येणार? आया-मावशी सांगतात, वॉर्डबॉय मामा आज आलेच नाहीत. आणि कपाटात जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, असते. बदलीच्या वेळी चार्ज देताना त्यातली एखादी वस्तू कमी भरली, तर ती कुठे गेली याचं उत्तर इनचार्जनंच द्यायचं.

यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे. पण नीट पाहिलं तर ताणाचं कारण दिसतं. माणसं कमी आहेत, पण भरती तिच्या हातात नाही. माल येत नाही, पण खरेदी तिच्या हातात नाही. जबाबदारी पुरेपूर तिची आणि अधिकार दुसऱ्या कुणाचे.

लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचर्या सेवेचा अभ्यास इझाबेल मेन्झिस यांनी १९६० साली प्रसिद्ध केला. रुग्णाच्या वेदनेची आणि मृत्यूची धास्ती सोसवत नाही, म्हणून रुग्णालय कामाचे तुकडे पाडतं, तपासणीवर तपासणी लावतं आणि प्रत्येक जण निर्णय आपल्या वरच्याकडे ढकलत जातो, असं त्यांना दिसलं. साठहून अधिक वर्षं उलटली, तरी आपल्या वॉर्डात हे चित्र ओळखीचं वाटतं. इनचार्जच्या टेबलावर खालून ढकललेले निर्णय येतात आणि वरून ढकललेले दोष येतात.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करताना सहकाऱ्यांची जी अवस्था पाहिली, तिच्यावर १९७४ साली लिहिलं. आज सगळे ज्याला बर्नआउट म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची तीन लक्षणं नोंदवली : शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेनं याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या दीर्घ ताणाचा हा परिणाम आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे दोष शोधायचा तो आधी कामाच्या रचनेत. तरीही आपण थकलेल्या बाईला योगासनांच्या शिबिराला पाठवतो आणि वॉर्डातली रिकामी पदं तशीच ठेवतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. जनरल वॉर्डात रात्री कधी गेला असाल, तर दोन-तीन मुली किती खाटा बघतात ते तुम्ही पाहिलं असेल. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली मांडला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. परिचारिकेचा थकवा ही तिची खासगी बाब राहत नाही, तो रुग्णाच्या जिवापर्यंत पोचतो.

आता दुसरी बाजू. पद उतरलं की ताण उतरतो, हे गृहीत धरू नका. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसलं की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट आहे. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, आपल्या कामावर आपलं नियंत्रण किती, याचा हृदयरोगाशी संबंध दिसला. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ सालीच मांडलं होतं की कामाची मागणी मोठी आणि निर्णयाचं स्वातंत्र्य थोडं, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते.

म्हणून पद सोडण्याआधी स्वतःला विचारा : मला त्रास कशाचा होतो? रजिस्टरं, माणसांची भांडणं, नातेवाईकांची बोलणी, याच गोष्टी खात असतील तर खाली येऊन सुटका होईल. पण माणसांची टंचाई किंवा वरिष्ठाची अपमानाची भाषा हा त्रास असेल, तर तो स्टाफ नर्सलाही तेवढाच होतो. अशा वेळी वॉर्ड बदलणं, रुग्णालय बदलणं किंवा संघटनेमार्फत तक्रार करणं हाच इलाज. शिवाय इनचार्जला बहुतेक ठिकाणी सकाळची ड्युटी असते. खाली आलात की रात्रपाळ्या परत सुरू. चाळिशी-पन्नाशीत रात्रपाळी शरीराला झेपेल का, घरी कोण बघेल, हे आधी बोलून घ्या. डायलिसिस, लसीकरण, ओपीडी, शाळेतली आरोग्यसेवा अशा ठिकाणी रात्रपाळी कमी किंवा अजिबात नसते. तिथल्या जागा आधी पाहा.

हे सगळं तपासून जी बाई खाली येते ती काय घेऊन येते, याचं एक उदाहरण सांगते. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरनी इनचार्जपद सोडून त्याच विभागात स्टाफ नर्सचं काम घेतलं. आतड्याच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस असलेले एक आजोबा त्यांच्याकडे होते. रक्तदाब ठीक, ताप किरकोळ. पण ते सारखी चादर ओढत होते, हात गार लागत होता. सिस्टरनी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले : सव्वीस. पत्रकावर त्याआधीच्या प्रत्येक पाळीत वीसच लिहिलेले होते. त्यांनी निवासी डॉक्टरांना बोलावलं, ‘सकाळी बघू’ हे उत्तर मान्य केलं नाही, आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आहे हे रक्तदाब कोसळण्याआधी लक्षात आलं. श्वासाचा वेग हा असा बिघाड दाखवणाऱ्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक. तो मोजायला लागतं एक मिनिट, आणि त्या मिनिटाचं मोल जाणणारी अनुभवी बाई. इनचार्जच्या टेबलामागे त्या सिस्टरना हे मिनिट मिळालं नसतं.

पॅट्रिशिया बेनर यांचं परिचर्येतल्या कौशल्यावरचं पुस्तक १९८४ साली आलं. नवशिक्या परिचारिकेपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतचे पाच टप्पे त्यांनी दाखवले. हे सगळे टप्पे रुग्णाजवळच पार होतात. वॉर्डाचं प्रशासन हे वेगळं कौशल्य, तेही मोलाचं. पण आपल्या व्यवस्थेत तज्ज्ञ परिचारिकेनं पुढे जायचं तर रुग्ण सोडावा लागतो. जी बाई नवजात बाळाच्या हाताला पहिल्या प्रयत्नात सुई लावते, तिला आपण चादरी मोजायला बसवतो आणि त्याला बढती म्हणतो.

आणि तिनं परत यायचं ठरवलं तर? महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये खालच्या पदावर आणणं मोठ्या शिक्षांच्या यादीत आहे. कार्यालयात पद उतरल्याचं ऐकलं की लोकांना हाच नियम आठवतो. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांतला १५ वा नियम मात्र दुसरी शक्यता मान्य करतो : अकार्यक्षमता किंवा गैरवर्तन या कारणांखेरीज, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लेखी विनंतीवरूनही त्याला कमी वेतनाच्या पदावर नेता येतं. म्हणजे नियमाला हा माणूस माहीत आहे, समाजाला माहीत नाही.

पैशाचा विचारही व्हायला हवा. केंद्राच्या रुग्णालयांत सातव्या वेतन आयोगानुसार नर्सिंग ऑफिसरचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये आणि सीनियर नर्सिंग ऑफिसरचं, म्हणजे सिस्टरचं, ४७,६००. सुरुवातीचा फरक २,७०० रुपयांचा, आणि जबाबदारीतला फरक तुम्ही आत्ता ऐकलात. पण जुन्या निवृत्तिवेतन योजनेत शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन बसते, त्यामुळे निवृत्ती जवळ असताना घेतलेला निर्णय आयुष्यभर जाणवू शकतो. पदोन्नती नाकारली तर ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेच्या लाभावरही पाणी सोडावं लागू शकतं. आस्थापना शाखेत जाऊन सगळे परिणाम लेखी समजून घेतल्याशिवाय अर्जावर सही करू नका. रागाच्या किंवा रडण्याच्या दिवशी तर मुळीच नाही. आधी रजा घ्या, मग ठरवा.

आपल्याकडच्या अनेक मुली ज्या ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काम करतात, तिथे २००४ पासून पदांची बँडमध्ये वर्गवारी आहे. स्टाफ नर्स सहसा बँड ५, वॉर्ड मॅनेजर बँड ७. जागांची जाहिरात निघते आणि वरच्या बँडमधली बाई खालच्या बँडच्या जागेला अर्ज करू शकते. पगार कमी होतो, ताण तिथेही भरपूर आहे. पण परतीची वाट सर्वांना दिसेल अशी आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो : ‘चांगल्या बायका खाली आल्या तर वॉर्ड कोण चालवणार?’ प्रश्न रास्त आहे. पण खचलेल्या बाईला खुर्चीत धरून ठेवल्यानं वॉर्ड चालत नाही. ती चिडते, नव्या मुली तिच्या धाकानं चुका लपवतात, आणि एक दिवस ती स्वेच्छानिवृत्ती घेते. मग इनचार्जही जाते आणि तज्ज्ञ परिचारिकाही. परत येता येतं हे माहीत असेल तर उलट जास्त जणी इनचार्जपद घ्यायला तयार होतील.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. इनचार्जपद ठरावीक मुदतीचं करा आणि मुदत संपल्यावर रुग्णसेवेत परतणं ही नित्याची गोष्ट होऊ द्या. रुग्णाजवळच राहणाऱ्या तज्ज्ञ परिचारिकेला तिच्या कौशल्यासाठी वेगळी वेतनश्रेणी द्या. आणि प्रत्येक वॉर्डाला रजिस्टरं, इंडेंट, लिनेन सांभाळणारा लिपिक द्या, म्हणजे बऱ्याच जणींना खाली यावंसं वाटणारच नाही.

खाली आलेल्या सिस्टरना एवढंच सांगते. काल तुमच्या हाताखाली असलेली मुलगी आज तुमची इनचार्ज असेल. तिच्या ऑफ-ड्युटीच्या तक्त्याला मान द्या, वॉर्डासमोर तिची चूक काढू नका, आणि ती विचारील तेव्हा सगळं सांगा. तुमचा मान तुमच्या कामातून आपोआप टिकेल.

आणि श्रोतेहो, ही गोष्ट तुमच्याही घरची आहे. तुमची सून, बहीण, बायको किंवा मुलगा एखाद्या संध्याकाळी म्हणेल, ‘मला हे पद नको, मला पुन्हा पेशंट बघायचेत.’ तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ हे बाजूला ठेवा. कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसा, पगाराचा, पेन्शनचा, मुलांच्या फीचा हिशेब मांडा आणि जमत असेल तर तिला किंवा त्याला मोकळ्या मनानं पाठिंबा द्या. अनुभवी हात रुग्णाजवळ परत येतात तेव्हा त्यात कुणाचंही नुकसान नसतं. तुम्ही आम्ही सगळेच कधी ना कधी त्या खाटेवर असणार आहोत.